चालु मेडम

"दीपमाला? इधर कोई दीपमाला नहीं," नल्लकुंट्यातल्या गल्लीच्या तोंडाशी बसलेला किराणा दुकानदार नरसिंहम डोकं खाजवत म्हणाला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "अरे, वो फायनान्सवाली? चश्मा, लूना? हौ, हौ. वो तो चालु मेडम."

शंकररावांच्या हातातली ज्वारीच्या पिठाची पिशवी आपोआप जमिनीला टेकली.

"क्या बोले?"

"चालु मेडम. पूरा नल्लकुंटा यहीच बोलता उनकु."

शंकरराव सोनकांबळे जिंतूरच्या एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशिअर होते. एवढ्या वर्षांत दिवसअखेरीला त्यांचा हिशेब एकदाही चुकला नव्हता. दिवाळीला एका व्यापाऱ्यानं पेढ्यांचा पुडा पाठवला, तेव्हा त्यांनी तो शिपायाच्याच हातून परत पाठवला होता आणि सोबत 'पेढे मोजून परत' अशी चिठ्ठी जोडली होती. 'सोनकांबळेसाहेबांनी मोजलंय' म्हटलं की जिंतूरात कोणी पुन्हा मोजायच्या भानगडीत पडत नसे. दोन महिन्यांपूर्वी ते रिटायर झाले, आणि आता त्यांच्या अभिमानाला एकच ठिकाण उरलं होतं: फिजिक्स घेऊन फर्स्ट क्लासात बी.एस्सी. झालेली, आणि अकरा महिन्यांपासून हैदराबादला एका खासगी कंपनीत गुंतवणूक सल्लागार असलेली त्यांची दीपमाला.

साल एकोणीसशे पंच्याण्णव. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा लोक दाढीचा साबण वाळेपर्यंत शेअर्सवर बोलायचे, आणि दर आठवड्याला एक नवी कंपनी कुठून तरी उगवून दामदुप्पट करून द्यायला निघायची. अशा काळात 'आमची पोरगी लोकांना पैशाचा सल्ला देते' हे वाक्य शंकररावांनी जिंतूरात ज्याला त्याला ऐकवलं होतं. आणि ज्या गावात ती हा सल्ला देत होती, ते गाव तिला चालू म्हणत होतं.

मराठीत पंखा चालू असतो, खातं चालू असतं, त्यात वाईट काही नाही. पण माणूस चालू असला की त्याच्याशी बोलताना एक हात खिशावर ठेवावा लागतो. आणि मुलगी चालू असली म्हणजे... तिथून पुढचा विचार शंकररावांनी केला नाही.

"मैं उनका वालिद," ते हळूच म्हणाले. गुन्हा कबूल करतानाही माणूस याहून मोठ्यानं बोलतो.

नरसिंहम ओशाळेल अशी त्यांची अपेक्षा होती. तो उलट गल्ल्यावरून उडी मारून खाली आला आणि आत ओरडला, "चालु मेडम नान्नगारू वच्चारु." मेडमचे वडील आलेत, एवढं शंकररावांना त्याच्या हातवाऱ्यांवरून कळलं. शेजारच्या पिठाच्या गिरणीतून दोघं जण पांढऱ्या भुवयांनी बघायला आले. एकानं तर पायाला हात लावला. गोळीसोडा आला. पैसे द्यायला गेले तर नरसिंहमनं हात जोडले.

"आपसे पैसे? मेरेकुच तीन बार चालु किए उनो. तीन बार. नहीं तो मैं कहां रहता?" असं म्हणून तो समाधानानं हसला.

तीन वेळा फसवला गेलेला माणूस वर सोडा पाजतो, हे शंकररावांना कोणत्याच नियमात बसवता येईना. त्यांनी शेजारच्या एसटीडी बूथवरून जिंतूरला फोन लावला. ठरल्याप्रमाणे पार्वतीबाई शेजाऱ्यांकडे फोनपाशी बसूनच होत्या.

"पोचलात का? लेकराचं कसं चालू आहे?"

तो शब्द ऐकून शंकररावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "भेट व्हायचीय अजून. पण सगळी गल्ली ओळखायलीय तिला."

"म्हणजे नाव काढलं म्हणा की पोरीनं."

"काढलं," शंकरराव म्हणाले. "नाव तर काढलंय." आणि त्यांनी फोन ठेवला.

दीपमाला कामावर गेली होती. घरमालकीण लक्ष्मम्मांनी खोली उघडून दिली, आणि त्यांनीही तेच लावलं. "चालु मेडम के फादर आए. बैठो, बैठो. आपकी बेटी क्या किए मालूम? हमारे घरवाले रिटायरमेंट का पूरा पैसा बैग में ले के जा रे थे. मेडम दरवाजे में रोक लिए. बैग ले लिए हाथ में से."

"ले लिए?"

"हौ. लूना पे बैग रख के लेके गए. अब छे साल तक उनो पैसे का मूं देखने नक्को बोले." लक्ष्मम्मा पदर तोंडाला लावून हसत होत्या. "घरवाले दो दिन रोए. अब ठीक हैं."

शंकरराव खाटेवर बसले. मग त्यांनी, नोकरीत लागलेल्या सवयीनं, खोलीची तपासणी केली. पुस्तकं होती, दोन खुर्च्या होत्या, बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तसबिरीखालच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या होत्या. आवकाय लोणचं, प्रत्येक बरणीवर कागद चिकटवून वेगवेगळ्या घरांची नावं. त्यांनी मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या, तरी अकराच. ज्या घरानं कधी कोणाचा पेढा ठेवून घेतला नाही, त्या घरातल्या मुलीनं अकरा बरण्या घेतल्या होत्या, आणि त्याही अशा उघड्यावर मांडून ठेवल्या होत्या.

त्यांचा निर्णय झाला. राजीनामा, बरण्या परत, आणि उद्याच्या गाडीनं जिंतूर. त्यांनी सीतम्मा नावाची बरणी पुरावा म्हणून उचलली आणि तिच्या ऑफिसला जायला नारायणगुड्याची बस धरली.

कंपनीच्या भिंतीवर सागाच्या जंगलाचं भलंमोठं चित्र होतं. त्याच्याखाली टाय लावलेला, तिशीतला सुधीर नावाचा शाखाप्रमुख बसला होता. मूळचा मुंबईचा. दीपमाला बाहेर गेली होती. 'मी तिचा बाप' म्हटल्यावर त्यानं शंकररावांकडे बराच वेळ बघितलं.

"बसा काका. बरं झालं आलात. मी तुम्हाला पत्रच लिहिणार होतो. हे काय आणलंय?"

"पुरावा," शंकरराव म्हणाले आणि बरणी टेबलावर ठेवली. "साहेब, माझ्या पोरीनं इथल्या लोकांना फसवलं असंल तर आकडा सांगा. मी भरून देतो. आमच्या घरात असलं झालेलं नाही."

सुधीर खुर्चीत मागे रेलला. "फसवलं? काका, फसवायला आधी काहीतरी विकावं लागतं. अकरा महिन्यांत तुमच्या मुलीनं एक झाड विकलेलं नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. सागाची योजना आहे आमची. आज रोपाचे पैसे भरा, वीस वर्षांनी लाकडाचे घ्या. गिऱ्हाईक आम्ही गोड बोलून इथपर्यंत आणतो. चहा पाजतो. तो सही करायला पेन उघडतो. आणि ही शेजारून म्हणते, चालु."

"चालू ठेवा, म्हणून?"

"तेच तर," सुधीरनं टेबलावर हात आपटला. "मलाही तेच वाटलं. पहिले दोन महिने मी हेड ऑफिसला लिहीत होतो, मुलगी फार उत्साही आहे, गिऱ्हाइकाला मागं हटू देत नाही. तिकडून तिला अभिनंदनाचं पत्र आलं. मग आमच्या शिपायानं मला सांगितलं. तेलुगूत चालु म्हणजे पुरे, काका. बास. थांबा. तिला तेलुगूतला तेवढा एकच शब्द येतो, आणि त्या एका शब्दावर तिनं माझी शाखा खाली बसवली."

शंकररावांनी टेबलावरची बरणी आपल्याकडे ओढली. त्यांच्या डोक्यात सकाळपासूनचे जमाखर्च उलट्या क्रमानं पुन्हा मांडले जात होते. मेरेकुच तीन बार चालु किए उनो. नहीं तो मैं कहां रहता.

"आणि ती घरमालकाची बॅग?" त्यांनी विचारलं.

"ती पण कळली का तुम्हाला? माझ्याकडे येत होती ती बॅग. हिनं नेऊन पोस्टात भरली. सहा वर्षांची सर्टिफिकेटं काढून दिली. ऑफिसच्या वेळेत." सुधीरचा आवाज रडवेला झाला होता. "कशावरून हे सगळं, तर हिनं झाडं मोजली. कंपनीची जमीन किती, विकलेली झाडं किती, असा भागाकार करून हेड ऑफिसला पत्र पाठवलं. ही सगळी झाडं उभी कुठं राहणार म्हणून."

"किती जमीन आहे?"

"एकशे वीस एकर."

"आणि झाडं?"

"चार लाखांच्या वर गेलीत," सुधीर सवयीनं अभिमानानं म्हणाला.

शंकररावांनी खिशातली पेन्सिल काढली आणि सागाच्या माहितीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. "एका झाडाला तेरा चौरस फूट," ते म्हणाले. "आमच्या बाजेला अठरा लागतात."

"काका, तुम्ही पण सुरू होऊ नका. तुम्ही बँकेतले आहात, तिला समजवा. महिनाअखेरपर्यंत पन्नास झाडं विकली तर मी तिला कायम करतो. नाही तर माझा नाइलाज आहे." त्यानं वही ओढली. "तुमचं नाव काय म्हणालात? सोनकांबळे? गाव जिंतूर?"

इतका वेळ शंकररावांची छाती हळूहळू फुगत होती. ती तिथंच थांबली. त्यांना एक गोष्ट आठवली होती, आणि सुधीरला ती वहीत सापडली होती.

"अहो, तुम्ही तर आमचेच," सुधीरचा चेहरा खुलला. "वीस झाडं. परभणीच्या एजंटाकडून. वा, काका."

नेमक्या त्याच वेळी दीपमाला फाइल काखेत मारून आत आली आणि दारातच थबकली. "बाबा? तुम्ही कधी आलात? आणि सीतम्मांची बरणी इथं काय करायलीय?"

"बस, दीपमाला," सुधीर म्हणाला. आता तो टायची गाठ सारखी करत होता. "एकतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं आपली वीस झाडं घेतलीत. कोण ते विचार. तुझे वडील. आता तरी मान्य कर."

दीपमालानं चष्मा काढून पुसला. तो पुसायची काही गरज नव्हती.

"बाबा, खरंय?"

"तुला द्यायची होती. तुझ्या नावानं," शंकरराव म्हणाले. "म्हटलं, पोरीची कंपनी आहे. तू जिथं आहेस तिथं खोटं कसं असंल?"

यावर सुधीरसुद्धा वहीत बघू लागला.

"माहितीपत्रक वाचलं होतं?" दीपमालानं विचारलं. आवाज अगदी शांत, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा.

"नाही."

"फॉर्मची मागची बाजू?"

"बारीक छपाई होती गं."

"खिडकीवर आलेल्या माणसाला तुम्ही काय सांगायचात?"

"वाचल्याशिवाय सही करू नका."

"मग?"

शंकररावांनी बरणीवरचा सुटलेला कागद बोटानं दाबून बसवला.

"पैसे कधी भरलेत?"

"चार जुलै."

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "आज दोन ऑगस्ट. एकोणतिसावा दिवस. मागच्या बाजूला कलम नऊ आहे, तीस दिवसांत लेखी कळवलं तर पूर्ण पैसे परत. हा घ्या कागद, खाली कार्बन. लिहा."

"थांब," सुधीर म्हणाला. "हा अर्ज माझ्या शाखेत आवक झाला, तर तू उद्यापासून येऊ नकोस. मी स्पष्ट सांगतोय."

शंकररावांचं पेन अर्ध्या शब्दावर थांबलं. "राहू दे गं," ते पुटपुटले. "वीस झाडांचं काय एवढं. तुझी नोकरी तरी..."

"बाबा, लिहा."

त्यांनी लिहिलं. एकतीस वर्षांचं वळणदार अक्षर होतं. दीपमालानं अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत त्यांच्यासमोर सरकवला.

"पावती क्रमांक राहिला."

शंकररावांनी निमूटपणे पावती क्रमांक घातला. मग तिनं शिक्का शाईवर दाबला, अर्जाच्या दोन्ही प्रतींवर 'आवक' असा उठवला, तारीख टाकली, सही केली, आणि एक प्रत वडिलांच्या हातात दिली. दुसरी सुधीरच्या ट्रेमध्ये ठेवली. तिच्याशेजारी शिक्का, आणि शिक्क्याशेजारी कपाटाची किल्ली.

"सर, आवक झालाय," ती म्हणाली. "तिसाव्या दिवसाच्या आत आहे, नोंद करून घ्या."

जिना उतरताना बरणी शंकररावांच्या हातात होती आणि ती आता त्यांना मुळीच जड वाटत नव्हती. अर्ध्या जिन्यावर त्यांनी विचारलं, "गेली का गं नोकरी?"

"गेली."

"मग आता?"

"नरसिंहममामांच्या दुकानाशेजारची खोली रिकामी आहे. ते कधीचे मागं लागलेत, बोर्ड लावा म्हणून. सल्ला द्यायला कंपनी कशाला लागतीय? टेबल आहे. खुर्च्या दोन आहेत."

"लोणच्यावर भागणार आहे का?"

"फी घेईन की. पावती देऊन." ती दोन पायऱ्या खाली जाऊन थांबली आणि मागे वळली. "आणि बाबा, एक सांगून ठेवते. यापुढं कुठंही सही करायच्या आधी मला विचारायचं. कंपनी माझी असली तरी. पुन्हा असं करायचं नाही."

शंकररावांना नोकरीत कोणी कधी असं झापलं नव्हतं. तशी वेळच त्यांनी येऊ दिली नव्हती. त्यांनी बरणी डाव्या काखेत घेतली, शर्ट खाली ओढला आणि पायरीवर ताठ उभे राहिले.

"नाही करणार, मॅडम," ते म्हणाले.