पनवेलच्या खुर्च्या, खोपोलीचा पाळणा

बाळारामकाकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला बसल्या खुर्चीवरून उठवलं.

"बाई, तिथं नका बसू. त्या खुर्च्या पनवेलच्या हायत."

मला वाटलं, पनवेलला काही खास खुर्च्या होत असतील, जपत असतील बिचारे. मी पलंगावर टेकले.

"तो बदलापूरचा," काका म्हणाले.

तेवढ्यात सुगंधाकाकी चहा घेऊन आल्या. "बसा बाई चटईवर. चटई आमची हाय. अजून तरी."

मी शाळेत शिकवते, आणि लोधिवलीत या दोघांच्या शेजारी भाड्यानं राहते. काका मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. घरावर नवी खोली चढवली तेव्हा काकींनी फर्मान काढलं, की आधी जुनी अडगळ बाहेर काढा. काकांनी मोबाइलवरच्या लिलावात एकेक वस्तू टाकायला सुरुवात केली. फोटो टाकायचा, मुदत द्यायची, लोक बोली लावणार, मुदत संपताना ज्याची बोली मोठी त्यानं येऊन वस्तू न्यायची. साधी गोष्ट. पण ती साधी राहील तर काका कसले!

काका म्हणजे गावच्या देवळातल्या लिलावाचा आवाज. उत्सव आटोपला की देवापुढचे नारळ, केळीचे घड, देवीला आलेल्या साड्या यांचा लिलाव होतो. काका खांबाला पाठ लावून ओरडतात, "एक वार! दोन वार! तीन वार!" तीन वार म्हटलं की नारळ त्या माणसाचा. तो नंतर घरी जाऊन झोपला तरी त्याचाच. देवापुढं बोललेला शब्द कोणी फिरवत नाही, आणि दुसऱ्याला सुटलेल्या नारळाला कोणी हात लावत नाही. आता हाच कायदा काकांनी मोबाइलला लावला. मुदत संपली की ते भिंतीवर थाप मारून "तीन वार!" ओरडतात आणि भिंतीपलीकडे माझ्या हातातला चहा सांडतो.

पण मोबाइलवरची माणसं देवळात वाढलेली नाहीत ना! ती रात्री जोशात बोली लावतात आणि सकाळी गायब होतात. फोन उचलत नाहीत, मेसेज वाचतात आणि गप्प बसतात. काकांच्या हिशेबी मात्र वस्तू त्यांची झालेली. त्यामुळे मिक्सर पुण्याचा झाला आणि काकी पाट्यावर चटणी वाटायला लागल्या. पंखा कल्याणचा झाला, म्हणून भर मे महिन्यात काका पुठ्ठ्यानं वारा घेत त्याच्याकडे बघत बसले.

"अहो, चालू करा की!" मी ओरडले.

"परक्याचा हाय, बाई."

या गायब गिऱ्हाइकांना मेसेज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काका सांगणार, मी टाइप करणार. "राम राम. तुमचा पंखा सुखरूप हाय. सकाळी पुसला." चार दिवसांनी, "तुमच्या पंख्यावर पाल बसली होती. हाकलली." तरी उत्तर नाही. मग काकांचा पारा चढायचा. "लिवा, तुमी माणूस हाय का कोण हाय? नको तर नको म्हणा! तोंड हाय ना?" मी थोडं मऊ करून लिहायचे, पण खरं सांगते, मलाही त्या लोकांच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची. नको म्हणायला काय जातं हो एखाद्याचं? एका पठ्ठ्यानं नुसता हसरा चेहरा पाठवला, तर काका दिवसभर जेवले नाहीत.

मग काकांनी पाळणा काढला. सागवानी, पितळी कड्यांचा, वर रंगीत लाकडी चिमण्या. त्यांच्या लेकीचा, सुमीचा. सुमी आता पळसदरीला सासरी, तिची पोरंसुद्धा कॉलेजात. पाळण्यावर उड्या पडल्या, आणि तो सुटला खोपोलीच्या निलेश नावाच्या माणसाला. "तीन वार!" झालं. निलेशचा एक मेसेज आला, "काका, लवकरच नेतो." आणि तोही गप्प झाला.

आठवडा गेला, दुसरा गेला. मी मोबाइल घेऊन बसले. "सांगा काका, काय लिहू? या निलेशला चांगला झापू या."

"त्याला नको."

"का? तो काय जावई लागतो?"

"पाळण्याचं गिऱ्हाईक हाय ते, बाई. त्याला काय विचारायचं नाय." आणि उठून आत गेले.

त्याच सुमाराला एक मोठी गाडी दारात आली. पाळण्यावर दुसऱ्या नंबरची बोली या गाडीवाल्यांची होती. पळसदरीच्या धरणाजवळ फार्महाऊस, आणि पाळण्यात फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या. म्हणाल तेवढे देतो म्हणाले. काका म्हणाले, "पाळणा खोपोलीचा हाय." गाडी धूळ उडवत गेली आणि माझं डोकंच फिरलं. त्या निलेशचा पत्ता नाही, आणि काका दारात आलेलं गिऱ्हाईक घालवतात! मी तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि काकींपुढे सगळी भडास काढली.

काकींनी वरवंटा बाजूला ठेवला. "बाई, आमच्यात पोर सुखरूप घरी येईस्तोवर पाळणा दारात आणीत नाय. सुमी आठव्या महिन्यात झाली. एवढीशी. दवाखान्यात काचंच्या पेटीत ठेवली होती, जगंल का नाय कोणी सांगंना. पाळणा चौक गावच्या सुताराकडं तयार होता. तो भला माणूस, हे दिसले की विचारायचा, 'बाळाराम, पाळणा कधी नेतोस?' हे रडत घरी यायचे. मग त्या रस्त्यानं जायचंच सोडलं यांनी."

त्यानंतर काका पाळण्याच्या कड्यांना तेल लावताना दिसले की मी आपली दुसरीकडे बघायचे. आणि मनात त्या न पाहिलेल्या निलेशसाठी देवाला हात जोडायचे, हेही सांगून टाकते.

गणपती उठले, आणि एका दुपारी काका मोबाइल घेऊन माझ्या दारात आले. मेसेज उघडलाच नव्हता. "तुमी वाचा, बाई. मोठ्यानं नको. आधी मनात वाचा."

मी वाचला. "काका, मुलगी झाली. फार लवकर झाली, म्हणून दवाखान्यातच होतो. आज घरी आणली. पाळणा गेला असेल ना?"

मी नुसती मान हलवली, चांगलं आहे, चांगलं आहे. काका मटकन पायरीवर बसले. "लिवा," म्हणाले, "आधी विचारा, दूध नीट पिते का."

रविवारी निलेश टेंपो घेऊन आला. पंचविशीतला पोरगा, डोळे ओढलेले, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. काकींनी पाळणा रिकामा जाऊ दिला नाही, आत नारळ आणि नवं झबलं ठेवलं. चहा झाला. निघताना निलेश काकांच्या पाया पडला.

"काका, तुम्ही एकदासुद्धा विचारलं नाहीत, कधी नेतोस म्हणून. मला वाटलं, विसरलात."

काकांनी त्याला उठवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"विसरलो नाय रं. विचारायची छाती झाली नाय. तू नको म्हणाला आसतास तर?"