लाइन कोण तोडतंय?

“मी संगणक दुरुस्त करत नाही, मी त्यांच्याकडून कबुलीजबाब घेतो,” दाजींनी आल्या आल्या जाहीर केलं. “वायर हातात धरली की मला गुन्हेगाराची नाडी लागते!”

त्यांची बॅग घेऊन मागे उभ्या मेव्हण्याला मागच्या खेपेची नाडी आठवली. तेव्हा दाजींना शॉक लागला होता. पण सख्ख्या बहिणीचा नवरा पडला. बॅग उचलणं भाग होतं.

रक्ततपासणी केंद्राची ही लांबची शाखा. इथे टाइप केलेलं सगळं थेट मुख्य कार्यालयाच्या डेटाबेसमध्ये जायचं. दिवसातून चार-पाचदा लाइन तुटायची आणि अर्धामुर्धा अहवाल गडप व्हायचा. शाखेच्या साहेबांनी खापर टायपिस्टबाईंच्या माथी फोडलं होतं. आज कारण सापडलं नाही तर बाई घरी जाणार होत्या, कायमच्या.

“मी वेळा टिपून ठेवल्यात,” बाईंनी वही पुढे केली. “नेमकं साहेब जागेवर...”

“सांकेतिक लिपी!” दाजींनी वही हिसकावली.

तासाभरात त्यांनी उंदरावर आरोप ठेवला, पुराव्याअभावी सोडला, आणि गच्चीवरच्या कबुतराकडे हेर म्हणून रोखून पाहिलं. मग नजर बाईंवर वळली.

“केसांतली पिन. चुंबकत्व!”

“प्लॅस्टिकची आहे.”

“पाहिलंत? पुरावा नष्ट केला!”

“बारा वर्षांत माझा एक अहवाल चुकलेला नाही,” बाई हळूच म्हणाल्या. मेव्हण्याला बॅगेत शिरावंसं वाटलं.

“पुरे झालं,” साहेब खुर्चीत रेलले. “बाई, लिहा. विषय, तुमचीच सेवासमाप्ती.”

बाई ओठ घट्ट मिटून टाइप करू लागल्या. तेवढ्यात दाजींचं भिंग हातातून निसटलं आणि घरंगळत साहेबांच्या टेबलाखाली गेलं. मेव्हणा निमूट रांगत आत शिरला.

“...सबब आपणांस कामावरून...”

“गेली लाइन!” बाईंनी दोन्ही हात वर केले. “मी कशालाही हात लावलेला नाही!”

टेबलाखाली, इंटरनेटच्या लाइनीच्या डब्यावर, साहेबांचे मोजे घातलेले पाय ऐसपैस पसरले होते. उजव्या अंगठ्याने वायरीची पिन अर्धी बाहेर ढकलली होती.

मेव्हण्याने दाजींना हाक मारली नाही. पिन आत दाबली.

“आली!” बाई ओरडल्या.

“साहेब, आता पाय ताणा बघू,” मेव्हणा खालून म्हणाला.

“गेली!”

साहेब ओशाळले. “ते डबडं गरम असतं हो. जरा ऊब मिळते.”

“आतल्या गोटातला माणूस आहे, हे मी पहिल्यापासून ओळखलं होतं,” दाजी म्हणाले. “फक्त तो इतक्या खालच्या पातळीला जाईल असं वाटलं नव्हतं.”

साहेबांनी मांडी घालून बाईंची माफी मागितली, तीही लेखी. मग बाईंनी मुख्य कार्यालयाला अहवाल धाडला: ‘बिघाडाचं कारण, उजवा अंगठा.’

पाच मिनिटांत उत्तर आलं: ‘सदर भाग झिजला असल्यास काढून पाठवावा. नवीन मिळेल.’