आदर्श प्रकरणाचा निकाल लावू नये

ज्या गोष्टीचं निरीक्षण होतं ती गोष्ट सुधारते, हे शासनव्यवहारातलं मूलभूत सत्य आहे. मी रेल्वेत चौतीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी दुसऱ्यांची कामं पाहण्यात गेली, त्यामुळे या विषयावर मी अधिकारानं बोलू शकतो. साहेबांची तपासणी येणार म्हटलं की फलाट धुतला जातो, कुंड्यांमध्ये रातोरात रोपं उगवतात, आणि गाडी उशिरा आली तरी स्वच्छ फलाटावर उशिरा येते. प्रवाशाला आणखी काय हवं असतं?

मूळचा मी भुसावळचा, पण निवृत्तीनंतर लखनऊतच राहिलो. इथल्या महानगर नावाच्या वस्तीत घर आहे, शेजारच्या कपूरथला बाजारात सब्जीवाला भैया ओळखीचा आहे, आणि थंडीत उन्हाला बसून पेपर वाचायला गच्ची आहे. अशा सुखात असताना न्यायालयीन संवेदनशीलता अभियानाचं बोलावणं आलं. कौटुंबिक हिंसाचार आणि स्त्री-पुरुष समानता या बाबतीत न्यायालयं कमी पडतात, असं वरच्या कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. (खालच्यांच्या ते फार आधी लक्षात आलं होतं, पण खालच्यांचं लक्षात येणं कार्यालयीन धरत नाहीत.) समितीवर कायद्याशी संबंध नसलेला एक सदस्य हवा होता. अभियानाचे संचालक सत्यजित माथुर म्हणाले, "नाफडे साहब, आपने तो ज़िंदगी भर इंस्पेक्शन ही किया है." इतक्या अचूक वर्णनानंतर माझ्यानं नाही म्हणवेना.

अभियानाचं पहिलं पाऊल धाडसी होतं. शहरातल्या एका न्यायालयातला (कोणत्या, ते सांगत नाही) एक न्यायकक्ष 'महिला-सुलभ आदर्श न्यायकक्ष' म्हणून घोषित झाला. भिंतींना फिकट गुलाबी रंग दिला. त्या फिकटपणावर चार बैठका झाल्या. साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या जागी सोफा आला. पाण्यासाठी माठ ठेवला, कारण माठ पाहून स्त्रियांना आपुलकी वाटते असं एका अभ्यासात आढळलं होतं. (अभ्यास आमचाच. चार जणींना विचारलं, त्यातल्या दोघींना तहान नव्हती.) न्यायकक्षात कोणी आवाज चढवायचा नाही असाही नियम केला, आणि वकिलांनी तो कुरकुर न करता पाळला.

आता फक्त एक प्रकरण हवं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांतले दंडाधिकारी तुकडीतुकडीनं येतील, सुनावणी प्रत्यक्ष पाहतील आणि संवेदनशील होऊन परत जातील, अशी योजना होती. प्रकरण निवडायचे निकष मीच लिहिले. घटना सरळ असावी. पुरावा भरपूर असावा. अर्जदार बाई शिकलेली आणि शांत असावी, कारण रडण्यानं निरीक्षकांचं लक्ष विचलित होतं. प्रतिवादीही दिसायला भला असावा, नाहीतर समानतेला काय अर्थ राहिला!

अनघाच्या अर्जात हे सगळं होतं. अनघा आमच्या मराठी मंडळातलीच. जानकीपुरमच्या बाजूला औषधांवर संशोधन करते. नवरा सुजय केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी, गणपतीत आरतीला सगळ्यात पुढे. या सुजयनं तिचा डावा हात मोडला होता, आणि ती मैत्रेयीला, म्हणजे सात वर्षांच्या लेकीला घेऊन प्लास्टर घालायला गेली असताना घराचं कुलूप बदललं होतं. घर दोघांच्या नावावर. एक्स-रे होता, शेजाऱ्यांचा जबाब होता, आणि 'रागाच्या भरात हात मोडला, सॉरी यार' असा सुजयनं स्वतः पाठवलेला व्हॉट्सॲपही होता. इतका सुबक पुरावा मी रेल्वे अपघाताच्या चौकशीतसुद्धा पाहिला नव्हता.

तिची मागणी दोन वाक्यांची होती. मला आणि मुलीला आमच्या घरात राहू द्यावं. सुजयनं आमच्या जवळपास फिरकू नये. तोवर ती बख्शी का तालाबला, हवाई दलाच्या तळापलीकडे, शेतांच्या कडेला एका खोलीत राहत होती. इतक्या लांब जायचं कारण एवढंच, की सुजयला ती जागा ठाऊक नव्हती.

दुसऱ्याच सुनावणीला अनर्थ होता होता टळला. दंडाधिकारी हिमानी सक्सेना यांनी कागद चाळले, "ये तो सीधा मामला है," असं म्हणाल्या आणि आदेश लिहायला पेन उघडलं. माथुरसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. आझमगडची तुकडी अजून गाडीतच होती! मी लगबगीनं पुढे झालो आणि सक्सेनाबाईंना नम्रपणे समजावलं, की निकाल लागलेलं प्रकरण शिकवायला निरुपयोगी असतं. ताप उतरल्यावर डॉक्टर कोणाला थर्मामीटर लावायला शिकवणार?

त्या म्हणाल्या, कायद्यात साठ दिवस लिहिलेत. माथुरसाहेब म्हणाले, कायद्यात साठ दिवसांत संपवण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, आणि इथला प्रयत्न बघायला तर अख्खा प्रदेश लोटलाय. सक्सेनाबाईंनी कागद परत फाइलीत घातले. मग पेनाला टोपण लावलं. नंतर वरून त्यांना प्रशस्तिपत्र आलं, त्यात 'संयम' हा शब्द दोनदा होता.

तिथून पुढे अभियानानं मागे वळून पाहिलं नाही. आझमगड झालं, झाशी झालं, बरेली झालं, बलियाची तुकडी तर दोनदा येऊन गेली. येण्यापूर्वी निरीक्षकांची सरासरी संवेदनशीलता एकेचाळीस टक्के होती, जाताना ती सत्त्याऐंशी टक्के भरे. झाशीचे एक गृहस्थ एकशे चार टक्क्यांवर गेले, त्यांना जरा वेळ माठाजवळ बसवावं लागलं. अनघाचं मोजमाप केलं नाही. ती अध्ययन-साहित्यात मोडत होती.

अडचणी आल्या नाहीत असं नाही. पाचव्या तुकडीच्या वेळी अनघाच्या हाताचं प्लास्टर निघालं. बरेलीच्या बाईंनी तशी लेखी नाराजी नोंदवली, की ज्या गोष्टीसाठी आलो तीच दिसत नाही. मी अनघाला सहज सुचवलं, की सुनावणीपुरता गळ्यात नुसता पट्टा अडकवला तर?

"काका, हात बरा झालाय," ती म्हणाली. "आदेश कधी?"

शास्त्रज्ञ माणसं एकाच प्रश्नाला किती चिकटून राहतात याची मला गंमत वाटली.

उलट सुजय. त्याचं मला मनापासून कौतुक करावंसं वाटतं. दर तारखेला मला वाकून नमस्कार करायचा. अनघा आली की उठून उभा राहायचा, तिला पाणी नेऊन द्यायचा, ती ते प्यायची नाही, तरी द्यायचा. इतकी वर्षं लखनऊत राहून त्याच्या अंगात तहज़ीब मुरली होती. आणि इतक्या सुनावण्यांत तीच ती व्याख्यानं ऐकून समानतेचा विषय त्याला आमच्या व्याख्यात्यांपेक्षा चांगला यायला लागला. सहाव्या तुकडीला त्यानं एका प्राध्यापिकेची चूक दुरुस्त केली. सातव्या तुकडीपासून आम्ही त्याला स्वतंत्र तास दिला. विषय, 'परिवर्तित पुरुष'. तो म्हणायचा, "हम मर्दों को पहले सुनना सीखना होगा," आणि पुढच्या दोन रांगांत रुमाल निघायचे. (नव्या कुलपाच्या चाव्या तेव्हा त्याच्या खिशात असत. बोलता बोलता तो त्या वाजवायचा, ती त्याची लकब होती.)

आठव्या तुकडीसाठी अभियानानं संदर्भपुस्तिका काढली. गुळगुळीत कागद, गुलाबी मुखपृष्ठ, प्रकरणाचा संपूर्ण तपशील. व्याख्याता या नात्यानं एक प्रत अर्थातच सुजयला गेली.

त्यानंतरच्या तारखेला अनघानं मला व्हरांड्यात गाठलं. मैत्रेयी तिच्या ओढणीला धरून होती. अनघाचा आवाज चढला होता. न्यायकक्षाबाहेर असल्यानं मी त्यावर हरकत घेतली नाही.

"काका, सुजय खोलीवर आला होता. मी लॅबमध्ये होते. ही एकटीच होती."

"पापा गेट पर खड़े थे," मैत्रेयी म्हणाली. "बोले, मम्मी से कहना, अब पता मालूम है."

"त्याला पत्ता मिळाला कुठून?" अनघानं विचारलं.

हे मात्र मला ठाऊक होतं. मी पुस्तिका उघडून तिला दाखवलं. पान सात, अर्जदाराची सद्यस्थिती, खोली क्रमांकासकट. छपाईत एकही चूक नाही, हेही तिच्या लक्षात आणून दिलं. तिनं पुस्तिका मिटली. मग म्हणाली, "काका, तो येईल. आज आदेश द्या. मला भीती वाटते."

मी तिला धीर दिला, की ही भीती अगदी योग्य आहे आणि पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत तिच्यावर एक परिच्छेद घालू.

घरी सुहासिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सगळं उत्साहानं सांगितलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "पोरीला तिच्या घरात जायचंय, एवढंच ना? मग तुम्ही एवढे सगळे दारात कशाला उभे आहात?" तिला प्रशासनाचा अनुभव नाही. त्या दिवशी जेवण तिनं वाढलं, पण ती माझ्याबरोबर बसली नाही.

पुढच्या सुनावणीला बाराबंकी आणि हरदोईची मिळून चाळीस माणसं होती. सक्सेनाबाई नेहमीप्रमाणे पुढची तारीख सांगणार, तोच अनघा सोफ्यावरून उठली आणि आमच्याकडे नाही, मागच्या बाकांकडे वळली.

"आप सब जज हैं न?" तिनं विचारलं. चाळीस माना हलल्या. "चालीस जज. इस कमरे में चालीस जज बैठे हैं और मुझे दो लाइन का ऑर्डर चाहिए. किसी के पास पेन है?"

पेन सगळ्यांकडे होती. सगळ्यांनी ती उघडली आणि तिचा प्रश्न वहीत उतरवून घेतला. मग हरदोईच्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी टाळी वाजवली, आणि हळूहळू सगळा न्यायकक्ष टाळ्या वाजवू लागला. मला भरून आलं. अभियानाच्या इतिहासातलं हे सर्वोत्तम सत्र होतं. सक्सेनाबाई तेवढ्या खाली मान घालून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बदलीचा अर्ज दिला.

आणि अनघानं काय करावं? पुढच्या मंगळवारी, सुजय बाराबंकीकरांना 'परिवर्तित पुरुष' ऐकवत असताना, तिनं जानकीपुरमच्या चौकातून एक चावीवाला आणला, स्वतःच्या घराचं कुलूप तोडवलं आणि लेकीला घेऊन आत जाऊन बसली. मला तिथून फोन केला. "काका, आम्ही घरी आलोय. मैत्रेयी झोपलीय तिच्या पलंगावर." तिचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता. मला संताप आला. महिनोन्महिने घडवलेलं आदर्श प्रकरण या बाईनं एका चावीवाल्याच्या हातून मोडीत काढलं! न्यायावर विश्वास नको?

सुजयनं मात्र विश्वास ठेवला. तो आमच्या न्यायकक्षात आला नाही. शेजारच्या इमारतीत एक साधं न्यायालय आहे, तिथं गेला. तिथं भिंतींना रंग नाही, माठ नाही, सोफा नाही, कोणी बघायला येत नाही. आपल्या घरात घुसखोरी झाली, सामानाला धोका आहे, असा अर्ज त्यानं दिला. सोबत 'परिवर्तित पुरुष' म्हणून मिळालेलं अभियानाचं प्रशस्तिपत्र जोडलं, त्यावर माझी सही आहे. दुसरी बाजू ऐकायला वेळ नव्हता. अर्ज दुपारी दाखल झाला आणि चहाच्या आत अंतरिम आदेश हातात पडला. दोन वाक्यांचा. अनघानं त्या घरात राहू नये. तिनं सुजयच्या जवळपास फिरकू नये.

न्यायालयं मनात आणलं तर किती तत्पर असतात, याचं इतकं उत्तम उदाहरण दुसरं नाही, आणि अंतिम अहवालात मी ते 'उत्साहवर्धक बाबी' या मथळ्याखाली घातलं आहे. संध्याकाळी पोलीस गेले, तेव्हा अनघानं झोपलेल्या मैत्रेयीला उचललं आणि ती फाटकाबाहेर आली. सुजय फाटकापाशी उभा होता. त्यानं तिच्यासाठी फाटक धरून ठेवलं.

अहवाल आता पूर्ण होत आला आहे. तुकड्या दहा, निरीक्षक तीनशे छप्पन्न, सगळे संवेदनशील. त्या फाटकातून निघून अनघा आणि मैत्रेयी कुठे गेल्या, हे त्यांपैकी एकानंही मला अजून विचारलेलं नाही. सुहासिनी रोज विचारते, पण ती नोंदणीकृत निरीक्षक नाही. तुम्ही मात्र पहिल्या सुनावणीपासून मागच्या बाकावर बसला आहात, योग्य त्या ठिकाणी हळहळलात, दोनचारदा हसलातही, आणि आता उठून निघायच्या बेतात आहात. म्हणून अहवालात मी तीनशे सत्तावन्न लिहिलं आहे.