जप्तीचं घर आणि मानाचा नारळ

घर शेवटी भानुदासमामांना मिळालं. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण त्या सकाळी मामांना घर नको होतं. बावडा गावात त्यांची दोन घरं होती आणि त्यातल्या एकात नुसती पेंड राहत होती. घर हवं होतं त्यांच्या भाच्याला, सोमनाथला.

सोमनाथ आणि मेघना बारामतीत भाड्यानं राहत. मालकाच्या मुलाचं लग्न ठरल्यामुळे दिवाळीच्या आत खोली सोडायची होती. अशात सरकारची योजना निघाली. ज्याच्या नावावर कुठंच घर नाही, त्यानं जप्तीचं घर लिलावात घेतलं तर किमतीचा मोठा वाटा सरकार भरणार. अट एकच, बोली अठरा लाखांवर गेली की मदत बंद. भिगवण रस्त्याला एका पतसंस्थेनं जप्त केलेल्या दोन खोल्या होत्या. मेघनानं तिथल्या खिडक्यांचे पडदेसुद्धा शिवून ठेवले होते.

सोमनाथचं चुकलं ते इतकंच, की त्यानं मामांना फोन केला.

"लिलाव? आन् तू एकटा जानार? अरं, मी मेलो का काय?"

या घराण्याला लिलाव एकच ठाऊक होता, बिरोबाच्या जत्रेतला मानाच्या नारळाचा. तिथं रीत अशी, की भाच्यानं बोली लावली की मामानं ती वाढवायची. मान स्वस्तात उचलला असं गावानं म्हणू नये म्हणून. शेवटची बोली भाच्याची, आणि मग मामानं फेटा उडवायचा.

लिलावाच्या दिवशी सोमनाथ आणि मेघना पतसंस्थेत पोचले, तर मामा आधीच पुढच्या खुर्चीत बसलेले. अंगावर इस्त्रीचं धोतर, डोक्याला नवा फेटा.

"मामा, तुमी आत कसं?" सोमनाथनं विचारलं.

"अनामत भरल्याबिगर आत सोडत न्हाईत म्हनली. मग भरली. भाच्याचा लिलाव आन् मी भाईर चपला राखू व्हय?"

तिसरं गिऱ्हाईक एक टायरवाला होता. मामांचा फेटा बघून तो चहा पिऊन निघून गेला. वसुली अधिकारी माधवी मॅडमनी बोली पुकारायला सुरुवात केली.

"सोळा लाख," सोमनाथ म्हणाला.

"सतरा!" मामा गरजले आणि भाच्याकडं बघून प्रेमानं हसले.

"अठरा," सोमनाथ कसाबसा म्हणाला, आणि मामांना हातानं 'बस, बस' अशी खूण केली.

मामा खाली बसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण बसलेलोच होतो, म्हणून उभे राहिले. "एकोनीस!"

आता भाच्यानं बोलायची रीत होती. मामांनी डोळा मारला. सोमनाथनं जोरजोरात मान हलवली.

"लाजतोय," मामा मॅडमना म्हणाले. "वीस!"

"अहो, आधीची बोली तुमचीच होती."

"असंना का! पोराला जोर याया नगं?"

"मामा!" मेघना ओरडली.

"आलो, सूनबाई, आलो! एकवीस!"

"एक वार, दोन वार, तीन वार," मॅडमनी घाईघाईनं उरकलं. मामांनी सवयीनं फेटा उडवला. तो पंख्यात गेला.

पंखा बंद करून फेटा सोडवल्यावर मामा म्हणाले, "सोम्या, आसा गप का बसलास? बरं, आसू दे. घे घर. मामाकडनं."

"घेता येईल," मॅडम म्हणाल्या, "पण मदत मिळणार नाही. घर आमच्याकडून घ्यावं लागतं, नातेवाइकाकडून नाही."

"मग मामांनी बोली मागं घेतली तर?" मेघनानं विचारलं. "पुन्हा लिलाव होईल ना?"

"होईल. यांची अनामत जाईल."

"अनामत जाऊ द्या, पर बोललेला शब्द मागं घ्यायचा?" मामांचा आवाज खाली आला. "बिरोबा बघतोय."

"मामा, हितं बिरोबा कुठं हाय?" सोमनाथ म्हणाला.

मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवलं. त्यावर खताच्या कंपनीचा ट्रॅक्टर होता. तरी कुणाची वाद घालायची छाती झाली नाही.

मामांनी ठरल्या वेळेत पैसे भरले. दिवाळीच्या आत सोमनाथ आणि मेघना त्याच दोन खोल्यांत राहायला गेले, पडदेही नेमके बसले. मामा भाडं घेत नाहीत. फक्त सिंधुमामी दातांच्या इलाजासाठी महिनाभर येऊन राहिल्यात, आणि आतल्या खोलीत बावड्याहून आलेली पेंड आहे.

मेघनाच्या सांगण्यावरून सोमनाथनं पतसंस्थेला अर्ज दिला. मामांनी साक्षीदार म्हणून आनंदानं सही केली.

"तरी सदर लिलाव बिरोबाच्या जत्रेतील समजण्यात यावा, विजेते श्री. भानुदास यांना घराऐवजी मानाचा नारळ प्रदान करण्यात यावा, व अर्जदाराची अठरा लाखांची बोली शेवटची धरून घर त्याच्या पत्नीच्या नावे करण्यात यावे, ही नम्र विनंती. आपल्या कार्यालयास तोशीस नको, म्हणून नारळ सोबत जोडला आहे."