चार बोटं उघडी काच

सांगतो, मधे बोलू नका. माझी वहिनी शाळेच्या अकरा मुलांची व्हॅनमधून ने-आण करते, हे तुम्हाला माहीतच आहे. तर सकाळचं ऊन मुलांच्या डोळ्यांवर येतं, ही बाब पालकांच्या बैठकीत अत्यंत गांभीर्याने घेण्यात आली आणि वहिनीला फर्मान निघालं: काचांना काळी फिल्म लावा, नाहीतर आम्ही दुसरी गाडी बघतो. वहिनीने लावून घेतली. सोमवारी शाळा उघडणार, त्याआधी गाडीचं पासिंग व्हायला हवं. ते झालं नाही तर अकराच्या अकरा मुलं गेली, म्हणजे वहिनीचा धंदाच बसला.

आता ती फिल्म. खाली बुडबुडे, मधे सुरकुत्या आणि वरच्या कडेला चार बोटं काच उघडीच, जणू धुवून आटलेला सदरा. वहिनी तडक दुकानात, मी मागोमाग.

"बुडबुडे पंधरा दिवसांत आपोआप बसतात, ताई," मालक म्हणाला.

"आणि ही फिल्म? पंधरा दिवसांत हीसुद्धा वाढणार का?"

"प्रत्येक कामाला वेळ द्यावा लागतो."

वहिनीला वेळ द्या म्हटलं की ती खुर्ची ओढून बसते. तीन तास बसली. शेवटी मालकाने तिची तक्रार लेखी घेतली, वर शिक्का मारला, ज्या कारागिराने ते काम केलं होतं त्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं आणि दुसऱ्या माणसाकडून अशी फिल्म लावून दिली, अशी लावून दिली, की कडेला केस शिरायला जागा नाही. वहिनी घरी येईपर्यंत शीळ घालत होती.

शुक्रवारी पासिंग. साहेबांनी काच जराशी खाली करायला लावली, वरच्या कडेला चिमट्यासारखं यंत्र अडकवलं आणि मान हलवली.

"काळी आहे."

"साहेब, काळी फिल्म आहे, काळीच असणार ना?"

"विहित मर्यादेपेक्षा प्रकाश कमी. नापास."

आणि मग आमच्या मागची गाडी पुढे आली. तिची फिल्म म्हणजे उंदरांनी मेजवानी केल्यासारखी. वरची कड पार उघडी. यंत्र नेमकं त्या उघड्या काचेला लागलं, आकडा हिरवा, गाडी पास.

"साहेब, ती आमच्याइतकीच काळी आहे की!"

"असेल. पण यंत्र कडेलाच लावायचं असं परिपत्रक आहे. कड जे सांगेल तेच काचेचं म्हणणं धरायचं." मग साहेबांनी आवाज खाली आणला आणि खरोखर कळवळून म्हणाले, "बाई, एवढं चांगलं काम कशाला करून घेतलंत?"

आली का पंचाईत? फिल्म काढावी तर पालक मुलं काढणार, ठेवावी तर पासिंग नाही. पुन्हा दुकान.

"आधी होतं तसं करून द्या," वहिनी म्हणाली.

मालकाला हे लागलं. "आम्ही वाईट काम मुद्दाम करत नाही, ताई. ते होतं. आणि ज्याच्या हातून होत होतं, त्याला तुम्हीच घालवलंत."

त्या कारागिराने तोवर चौकापलीकडे स्वतःचं दुकान टाकलं होतं आणि दारात आठ गाड्यांची रांग. त्यातल्या दोन पासिंगच्या ऑफिसातल्याच माणसांच्या, बरं का. त्याने वहिनीला लांबूनच ओळखलं. तक्रार लेखी मागे घेतल्याशिवाय गाडीला हात लावणार नाही म्हणाला. वहिनीने तिथेच बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं: 'सदर काम खराब असल्याची माझी तक्रार गैरसमजातून झाली होती. सदर काम उत्तम प्रतीचे खराब होते.'

आमचा नंबर लागला शनिवारी. ऑफिस बंद व्हायला दोन तास. त्याने फिल्म लावली, आम्ही वाकून बघितली. एक बुडबुडा नाही. कड सरळ, आरशासारखी.

"अहो, हे काय केलंत?"

"तुम्ही वाईट करा म्हणालात, म्हणून मुद्दाम लक्ष देऊन केलं," तो रडकुंडीला आला. "लक्ष दिलं की असं होतं माझं."

मी म्हटलं, संपलं. पण वहिनी ती वहिनी. शांतपणे म्हणाली, "दादा, ही काढा. आता नेहमी करता तसं, अगदी सुबक, पहिल्या दर्जाचं काम करा. आम्ही बघत नाही. चला हो भाऊजी, बाहेर थांबू."

वीस मिनिटांनी येऊन बघतो तर पाच बोटं उघडी. चार नाही, पाच.

साहेबांनी यंत्र लावलं, सही केली आणि हळूच विचारलं, "कुठे करून घेतलंत?"

सोमवारी पालकांनी बाहेरूनच काळ्या काचा बघितल्या आणि समाधान व्यक्त केलं. अकराही मुलं वहिनीकडेच आहेत. ऊन त्या पाच बोटांच्या पट्टीतून येतं, ओळीने सगळ्यांच्या डोळ्यांवर, त्यामुळे मुलं शाळा येईपर्यंत तोंडावर दप्तर धरून बसतात.

आणि तुम्ही तरी काय वेगळे? मी बोलत होतो तेवढ्यात तुमच्यातल्या चौघांनी त्या कारागिराचा नंबर मागून घेतला. मुलांच्या डोळ्यांचं काय झालं, ते मला आपणहून सांगावं लागलं.