वेट, अवेट आणि सबनीस काका

मोठ्या माणसाची टिंगल करणारा मी कोण, हे मला कळतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील सियालदहजवळ सोनं गाळण्याचं काम करतात. तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो. पण बसस्टॉपवर अनोळखी माणसांचं इंग्रजी सुधारणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही.

सबनीस काका आमच्या ओळखीचे, बँकेतून निवृत्त झालेले, सॉल्ट लेकला एकटेच राहतात. एकदा स्टॉपवर एक बाई फोनवर म्हणाल्या, "आय ॲम अवेटिंग फॉर द बस." काका वळलेच. "मॅडम, अवेटला फॉर लागत नाही. आणि बसला अवेट कशाला? बससाठी वेट. अवेट उत्तरासाठी, निकालासाठी!" बाईंनी मुकाट्याने टॅक्सी केली.

"व्याकरण झेपत नाही लोकांना," काका मला म्हणाले. "वेट नुसता चालतो, अवेटला कर्म हवंच. नीट बघ रे जरा."

हे "नीट बघ रे जरा" दर वाक्याला. मी बघायचो. न बघून सांगतो कुणाला?

यंदा तापामुळे माझा एक पेपर बुडाला. तो पुन्हा देता यावा म्हणून कॉलेजला शुक्रवारी चारच्या आत अर्ज द्यायचा होता. मंगळवारी तो काकांना दाखवला, ही माझी चूक. शेवटच्या ओळीत मी नेमकं "अवेटिंग फॉर" लिहिलेलं. काकांनी अर्ज ठेवूनच घेतला.

शुक्रवारी दुपारी गेलो, तर काका चार शब्दकोश पसरून बसलेले. "अवेट बरोबर आहे रे, पण प्राचार्यांना जरा उद्धट वाटेल का?" अर्ज हातून सोडेनात. ते ठरेपर्यंत पाच वाजले.

"काका, कॉलेजची अर्जाची खिडकी चारलाच बंद झाली. माझं वर्ष गेलं!"

"पण वाक्य बघ, निर्दोष झालंय."

मी तसाच निघालो. नंतर त्यांचे फोन आले. एकही घेतला नाही.

दहा दिवसांनी कॉलेजच्या ऑफिसातून बोलावणं आलं. कारकून घोषबाबू मला बघून हसायलाच लागले. "ते म्हातारे तुझे कोण? रोज दहाला हजर. इतकं भयंकर बांगला बोलायचे की सगळं ऑफिस हसायचं. तरी हलायचे नाहीत. एकच धोशा, पोराचा दोष नाही, उशीर माझ्यामुळे झाला. काल प्राचार्यांनी वैतागून तुझ्या अर्जावर सही केली. सोमवारी पेपर आहे तुझा."