पंचेचाळीस मिलिमीटर

साहेब उद्या तपासणीला येणार हे कळल्यावर तिने एकच शहाणपणाची गोष्ट केली, आणि नेमकी तीच नडली. बटाट्याची मापं घ्यायच्या सरकारी कड्या ऑफिसच्या खणात न ठेवता ती घरी घेऊन आली.

तसं कारण होतं. खणाचं कुलूप मोठ्याने शिंकलं तरी उघडायचं. बटाटा प्रतवारी केंद्रात निरीक्षक म्हणून लागून तिला आठ महिने झाले होते, नोकरी अजून कायम व्हायची होती आणि ती होणार की नाही, हे साहेबांच्या उद्याच्या शेऱ्यावर ठरणार होतं. अशा वेळी कडी हरवली तर? उंदरांनी ओढून नेली तर?

“पितळी कडी उंदीर कशाला नेईल?” नवऱ्याने विचारलं.

“नेली तर?” ती म्हणाली. मूल झाल्यापासून तिचं प्रत्येक वाक्य ‘तर’वर येऊन थांबत असे.

कड्या तीन होत्या आणि कापडी पिशवीत राहत. त्यातली मधली महत्त्वाची, पंचेचाळीस मिलिमीटरची. नियमच तसा होता. या कडीतून जो बटाटा आपल्या वजनाने खाली पडेल तो लहान, जो अडकेल तो मध्यम. ढकलायचा नाही, दाबायचा नाही. व्यापाऱ्याच्या गोण्यांतून शंभर बटाटे काढायचे, पाचापेक्षा जास्त पडले की सगळा माल लहान प्रतीचा. असा माल मोठ्या बाजारात जात नसे, मुकाट्याने पिठाच्या कारखान्यात जाई.

त्या संध्याकाळी ती पलंगावर मांडी घालून नियमपुस्तिका मोठ्याने पाठ करत होती. स्वयंपाकघरात सासूबाई बिस्किटं कापत होत्या. साहेब येणार तर त्यांच्यापुढे विकतची बिस्किटं ठेवायची नाहीत, हा त्यांचा निर्णय. त्यांचा साचा म्हणजे एक साधं पितळी कडंच होतं, पण त्याला त्या लेकरासारखं जपत. त्याच्या काठाला एक बारीकशी खाच पडलेली होती, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक बिस्किटाला मोहरीएवढं नाक यायचं. ‘माझं बिस्किट शंभरांत ओळखू येतं’ असं त्या चारचौघांत सांगत.

“साचा कुठे गेला गं? आत्ता इथे होता,” सासूबाई म्हणाल्या.

टेबलाखालून एक चिमुकला हात वर आला आणि त्याने एक पितळी कडं पुढे केलं.

“हां, शहाणी माझी बाय!” म्हणून सासूबाईंनी ते घेतलं आणि पुढची ताटं कापायला लागल्या.

‘शहाणी माझी बाय’ ऐकून तिचे कान टवकारले. ती धावत स्वयंपाकघरात गेली. दीड वर्षाची चिमणी टेबलाखाली ऐसपैस बसली होती, कापडी पिशवी तिच्या डोक्यावर होती आणि पुढ्यात कड्या पसरल्या होत्या.

“आई! हिच्याकडे कड्या कशा आल्या?”

“खेळतेय बांगड्या समजून. असू दे, तेवढीच शांत आहे.”

“बांगड्या नाहीत त्या, सरकारी आहेत!”

तिने झडप घालून कड्या गोळा केल्या. मोजल्या. तीन. खात्री व्हावी म्हणून पुन्हा मोजल्या. तीनच. पिशवीला दोन गाठी मारल्या, पिशवी उशाखाली ठेवली आणि निर्धास्त झोपली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

सकाळी केंद्रावर पहिला माल होता मिशीवाल्यांचा. या व्यापाऱ्याच्या मिशा इतक्या भरघोस की त्याचं खरं नाव पावतीवर लिहितानाच काय ते आठवायचं. त्याचा माल आजवर एकदाही मध्यम ठरला नव्हता आणि आजवर एकदाही त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतलं नव्हतं. कधी म्हणे, उन्हाने बटाटे आक्रसलेत. कधी म्हणे, तुमची कडीच सैल आहे. कधी म्हणे, मॅडम, तुमचा हात थरथरतो, त्याला बटाटा घाबरतो.

“करा सुरू,” मिशीवाले उसासा टाकत म्हणाले. “कारखान्याचा ट्रक बोलावूनच ठेवलाय मी.”

पहिला बटाटा अडकला. दुसरा अडकला. दहावा अडकला. तिने एकदा बटाट्याकडे आणि एकदा मिशांकडे पाहिलं. शंभर झाले तेव्हा खाली घमेल्यात मोजून तीन बटाटे होते.

“मध्यम,” ती म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला.

“काय?”

“मध्यम प्रत. तुमचा माल पास झाला.”

मिशीवाले मटकन गोणीवर बसले. “मॅडम, चेष्टा करू नका. मला रक्तदाब आहे.”

तिने पुन्हा शंभर बटाटे काढले. या वेळी दोनच पडले. मिशीवाल्यांनी खिशातून फोन काढला आणि पुढच्या अर्ध्या तासात ती गोष्ट गावभर केली. “आज मॅडमचा हात सुटलाय! जे असेल ते घेऊन या!” मग काय, ज्यांचा माल गेल्या आठवड्यात नापास होऊन गोदामात पडला होता ते टेम्पो घेऊन आले, ज्यांनी येणं सोडलं होतं ते आले. अकरा वाजता रांग फाटकाबाहेर गेली. सगळे पास. एकाचेही पाचाच्या वर बटाटे पडेनात.

“मामा, आज बटाट्यांना झालंय तरी काय?” तिने हळूच शिपाईमामांना विचारलं.

शिपाईमामा अठरा वर्षं या केंद्रावर होते. साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर ‘सर्वांत स्वच्छ कार्यालय’ असं प्रमाणपत्र लावलेलं होतं, ते त्यांच्यामुळे. रोज संध्याकाळी माती लागलेली मधली कडी ते रेती आणि राखेने अशी घासत की तिच्यात तोंड दिसावं. तिच्यावरचा सरकारी शिक्का कधीच पुसला गेला होता, पण चकाकी काही हटली नव्हती.

“हवा चांगली आहे, मॅडम,” मामा म्हणाले. “अंगाला लागलीय.”

तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली. साहेब आले.

साहेब किडकिडीत होते आणि शब्द मोजून वापरत. रांगेकडे बघून ते “हं” म्हणाले. वहीत सकाळपासूनचे शेरे पाहून “हं हं” म्हणाले. व्यापारी खूश, रांग शिस्तीत, वही सुबक. शिपाईमामांनी चहा आणला, तिने सासूबाईंचा डबा उघडून पुढे ठेवला. साहेबांनी एक बिस्किट तोंडात टाकलं आणि पहिल्यांदाच पुरतं वाक्य बोलले.

“घरी केलेली दिसतात. छान आहेत.”

शेऱ्याचा कागद त्यांच्या पुढ्यात होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

आणि तेव्हा शिपाईमामा डब्यात डोकावून म्हणाले, “मॅडम, यात दोन प्रती आहेत.”

“कशात?”

“बिस्किटांत. ही बघा, ही लहान आणि ही मोठी.” अठरा वर्षांची सवय. मामांनी ताटलीत दोन ढीगसुद्धा लावले.

तिने पाहिलं. लहान ढिगातल्या प्रत्येक बिस्किटाला मोहरीएवढं नाक होतं. मोठ्या ढिगातल्या एकालाही नव्हतं. तिने सावकाश मान वळवून टेबलावर पडलेल्या सरकारी कडीकडे पाहिलं. उन्हात कडी लखलखत होती आणि तिच्या काठाला एक बारीकशी खाच होती.

डोळ्यांपुढे सगळी सकाळ उभी राहिली. एकोणचाळीस टेम्पो. एकोणचाळीस मध्यम. सरकारच्या नावाने, सासूबाईंच्या साच्याने.

साहेबांचं पेन कागदाला टेकलं होतं. काही न बोलता उभं राहायचं, एवढंच तिला करायचं होतं. कोणाला कळणार होतं? पण मग रोज खणातली ती कडी बघायची, रोज ‘कळलं तर?’ म्हणायचं? तेवढे ‘तर’ तिच्याजवळ आता शिल्लक नव्हते.

“साहेब, लिहू नका,” ती म्हणाली.

“का?”

“ही कडी सरकारी नाही. बिस्किटाची आहे.”

साहेबांनी तोंडातलं बिस्किट चावायचं थांबवलं.

तिने सगळं सांगितलं. टेबल, चिमणी, दोन गाठी, सगळं. दाराशी कान लावून उभ्या असलेल्या मिशीवाल्यांनी “गेलं!” म्हणून कपाळ बडवलं. तिने घरी फोन लावला.

“आई, तुमचा साचा बघा ना. त्याला खाच आहे का?”

“आहे की. थांब हं.” पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. मग सासूबाईंचा चढलेला आवाज. “अगं, खाच बुजली कशी? म्हणूनच शेवटची दोन ताटं थोराड झाली! मला वाटलं, माझाच हात सुटला! माझा साचा कुठेय?”

“इथे आहे. सरकारी कामात. तुम्ही ते कडं घेऊन लगेच या.”

पाऊण तासात सासूबाई रिक्षातून उतरल्या, कडेवर चिमणी, चिमणीच्या मनगटात सरकारी कडी. ती काढून घेताना चिमणीने जो सूर लावला त्याने रांगेतले शेवटचे दोन टेम्पोही कळवळले.

साहेबांनी खिशातून चष्म्याच्या घरासारखं एक घर काढलं. आत शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर होता. त्यांनी आधी बिस्किटाचा साचा मापला. मग चष्मा पुसला आणि पुन्हा मापला.

“पंचेचाळीस,” ते म्हणाले. “बरोबर पंचेचाळीस.”

मग त्यांनी सरकारी कडी मापली. या वेळी चष्मा दोनदा पुसला.

“सत्तेचाळीस.”

साहेबांनी कडीच्या आतून बोट फिरवलं. “ही झिजली आहे. आतून. दोन मिलिमीटर. कशाने झिजेल अशी?”

सगळ्यांच्या नजरा शिपाईमामांकडे वळल्या. मामांच्या हातात सवयीने फडकं होतं. त्यांनी ते हळूच पाठीमागे नेलं.

“रोज घासतो, साहेब,” ते पुटपुटले. “आपणच शाबासकी दिली होती.”

साहेबांनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. खाली त्यांचीच सही होती, लफ्फेदार. त्यांनी घसा साफ केला आणि मामांना पुढे काहीच विचारलं नाही.

दाराशी मात्र मिशा फुरफुरू लागल्या होत्या. “म्हणजे आठ महिने मी सांगत होतो ते खरं होतं! कडी सैल आहे, सैल आहे, ओरडून घसा बसला माझा!”

“तुम्ही बटाटे घाबरतात असंही सांगत होतात,” ती म्हणाली.

“दहा कारणं सांगितली की एखादं खरं निघतंच, मॅडम!”

“आजचे सगळे शेरे बरोबर आहेत,” साहेब म्हणाले. “सरकारी नियम आज प्रथमच नीट पाळला गेला. बिस्किटाच्या साच्याने.” त्यांनी साचा आपल्या बाजूला ओढला. “मुख्य कार्यालयातून नवी कडी येईपर्यंत हाच साचा सरकारजमा करावा लागेल.”

“अजिबात नाही,” सासूबाई म्हणाल्या. “माझा आहे तो.”

“आजी, सरकारी काम आहे.”

“असेल. पण मी बिस्किटं कशाने कापू?”

बराच वेळ बोलणी झाली. शेवटी साहेबांनी साच्याला शिक्का मारला, सासूबाईंना रीतसर पावती दिली आणि झिजलेली कडी तात्पुरती म्हणून त्यांच्या स्वाधीन केली. जाताना त्यांनी बिस्किटांचा मोठा ढीग कागदात बांधून घेतला. “तपासणीसाठी,” ते म्हणाले.

महिन्याभराने नोकरी कायम झाल्याचं पत्र घरी आलं. तिने ते तीनदा वाचलं, नवऱ्याने एकदा मोठ्याने वाचलं, चिमणीने एक कोपरा खाल्ला. नवी कडी काही अजून आली नव्हती. शिपाईमामांना कडीला हात लावायची बंदी झाल्यापासून ते रोज प्रमाणपत्राची काच घासत होते, आणि मिशीवाले, भांडायला विषय न उरल्यामुळे, खुर्ची डुगडुगते म्हणून तक्रार करत होते.

“खाली काय लिहिलंय बारीक अक्षरात?” सासूबाईंनी चष्मा लावत विचारलं. त्या नुकत्याच थोराड बिस्किटांचं ताट घेऊन आल्या होत्या. चिमणी त्यांच्या पदराला धरून, पुढच्या कडीच्या आशेने, उभी होती.

“अट आहे एक,” ती म्हणाली. “मापाची साधनं यापुढे कोणत्याही कारणाने घरी न्यायची नाहीत.”

सासूबाईंनी ताट दाणकन टेबलावर ठेवलं.

“म्हणजे? माझ्या साच्यावर तू कायम झालीस, आणि आता माझाच साचा माझ्या घरात यायचा नाही?”